चारनंतर दाब

उदगीरच्या सरकारी दवाखान्यात त्या रात्री
आम्ही दोघी बोलत नव्हतो,
मी आणि नसरीन.
कारण साधंच, ड्यूटीचा तक्ता.
ईदची तिची सुट्टी कुणीतरी खोडली
आणि तिला वाटलं, मी.
मी नाही म्हटलं नाही. हो तर नाहीच.

दीड वाजता वीटभट्टीवरून टेंपो आला.
नाव दुरपदा, वय चौदा,
केसांत विटांची भुकटी.
चावल्याची खूण नाही, सूज नाही,
पोटात दुखतंय म्हणाली
आणि पापण्या खाली येत गेल्या
बाजार उठताना एकेक शटर यावं तशा.
मण्यार, केरबा ब्रदर म्हणाला. भुईवर निजली होती का?
बाप म्हणाला, आमी समदे भुईवरच निजतो की वो.

घुगे डॉक्टरांनी पहिल्याच खेपेला नळी घातली.
लसीच्या दहा बाटल्या. नसरीन फोडत होती,
मी पातळ करत होते,
चार हात एका ट्रेमध्ये
एकमेकांना न लागता.
व्हेंटिलेटर लातूरला. अँब्युलन्सही लातूरलाच,
अडलेल्या बाईला घेऊन गेलेली.
उरला रबरी फुगा.

एक दोन तीन चार, दाब.
एक दोन तीन चार, दाब.
मिनिटाला बारा. तासाला सातशे वीस.
अंगठ्याच्या मुळाशी आधी मुंग्या, मग आग,
मग काहीच नाही, हात कुणा भलत्याचाच.
तेव्हा शेजारणीने न सांगता हात पुढे करायचा असतो.
नसरीनने केला.
फुगा माझ्या तळव्यातून तिच्या तळव्यात,
मधे एकही श्वास न सांडता.
एक दो तीन चार.
त्या रात्री आम्ही एकमेकींशी
फक्त आकडे बोललो.

मग केरबा. तो पायाने मोजतो,
बुटाची टाच फरशीवर.
प्रसूतीच्या वॉर्डातून मल्लम्मा धावत आली
पंधरा मिनिटं उसनी घेऊन:
ओंदु एरडु मूरु नाल्कु.
पुन्हा मी.

चारच्या सुमाराला मोटारसायकलवाला आला, डोकं फुटलेला.
डॉक्टर तिकडे, केरबा तिकडे,
नसरीनच्या बोटाखाली त्याची धमनी,
आणि माझी मूठ उघडेना, मिटेना.
मागून कुणीतरी फुगा घेतला.
कुणी, ते मी पाहिलं
आणि पाहिलं नाही असं ठरवलं.

साडेपाचला अँब्युलन्स परतली.
मी रजिस्टरमध्ये लिहिलं,
'हाताने श्वास दिला. ड्यूटीवरील कर्मचारी दोन.'
रकाना तेवढाच होता.

महालक्ष्म्या झाल्या आणि दुरपदा आली,
चालत, डब्यात भाजलेल्या शेंगा घेऊन.
आमचे चेहरे तिला ठाऊक नव्हते.
पण ऐकू यायलं होतं समदं, म्हणाली.
बोट हलंना, पापणी उचलंना,
पण ऐकू यायलं होतं.
तुमी चारवर जरा अडखळता.
ही ताई उर्दूतून. एक कानडी. एक नुसती टाच.
आन् ही ताई बाटल्या आणाया गेली तवा
तुमी माझ्या कानाशी म्हणलात,
'सुट्टी मीच खोडली.
माझ्या पोरीची परीक्षा होती.'

नसरीन शेंग सोलत होती.
सोलत राहिली.
भिंतीवरच्या घड्याळात बारा श्वासांइतका वेळ गेला असेल.
मग तिने अर्धे दाणे
माझ्या तळव्यावर ठेवले.
'खारट हैं,' म्हणाली. बाकी काही नाही.

दुरपदा दारापर्यंत जाऊन परत वळली.
आन् ती बांगड्यांची कुठाय?
कोण बांगड्यांची?
दाबताना बांगड्या वाजायच्या तिच्या.
मोजत नव्हती ती. पण चुकली नाही.

ड्यूटीवर आम्ही बांगड्या घालत नाही.

दारात गयाबाई पोछा पिळत उभी,
कंत्राटावरची, नाव कुठल्याच तक्त्यात नसलेली.
तिच्याकडे कुणी पाहिलं नाही,
सगळ्यांनीच एकदम पाहिलं नाही.
म्या? म्या तर तवा जिना पुसायले,
ती म्हणाली,
आणि हिरव्या बांगड्यांचा हात
कोपरापर्यंत फिनेलच्या बादलीत घातला.